सावित्री: पूजेतले नाव, पाळण्यातले नाव

वर्षातून दोन वेळा सावित्री हे नाव महाराष्ट्रात घरोघर ऐकू येते. एकदा ज्येष्ठी पौर्णिमेला, वडाला सूत गुंडाळताना. दुसऱ्यांदा ३ जानेवारीला, शाळेच्या पटांगणात डोक्यावरून पदर घेतलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या छोट्या मुली धिटाईने भाषणे करतात तेव्हा. पहिली सावित्री मद्र देशाची राजकन्या, दुसरी नायगावच्या पाटलांची लेक. एक पुराणातली, एक इतिहासातली. आणि दोघींची ओळख एकमेकींपासून पार वेगळी. इतक्या आदराने घेतले जाणारे हे नाव बारशाला मात्र आता फारसे कुणी सुचवत नाही. असे का झाले असावे, हे समजून घ्यायचे तर नावाच्या मुळापर्यंत जावे लागते, आणि ते मूळ फार जुने आहे.

वेदांत सवितृ नावाचा देव आहे. 'सू' म्हणजे चालना देणे, प्रवृत्त करणे; या धातूपासून त्याचे नाव बनले. तो सूर्याशी एकरूप मानला जातो, पण आकाशात दिसणारे बिंब एवढीच त्याची व्याप्ती नाही. पहाटे माणसांना, जनावरांना, पाखरांना कामाला लावणारा तो, आणि ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या एका सूक्तात संध्याकाळी साऱ्यांना कामावरून परत बोलावून विसावा देणाराही तोच. त्याचे हात सोन्याचे आहेत, म्हणून तो हिरण्यपाणी. या सवितृचे जे जे काही, ते स्त्रीलिंगी रूपात सावित्री. म्हणजे या नावात उजेडापेक्षाही आधी हालचाल आहे, उठवण्याची आणि पुढे नेण्याची शक्ती आहे. नावांच्या पुस्तकांत सावित्रीपुढे 'सूर्यकिरण' किंवा 'पतिव्रता' एवढाच अर्थ देतात, तो मला फार अपुरा वाटतो.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली विश्वामित्रांची एक ऋचा आपण गायत्री मंत्र म्हणून ओळखतो. तिचे जुने नाव सावित्री. आठ आठ अक्षरांचे तीन चरण, असा जो गायत्री छंद, त्यावरून ती गायत्री झाली. आणि तिची देवता सविता, म्हणजेच सवितृ, म्हणून ती सावित्री. मुंजीत बटूच्या कानात सांगितला जातो तो हाच मंत्र, आणि धर्मशास्त्रात त्याला सावित्रीचा उपदेश म्हणतात. ठरलेल्या वयात ज्याची मुंज झाली नाही, त्याला मनुस्मृती 'सावित्रीपतित' ठरवते, म्हणजे सावित्रीला मुकलेला. नाव असे बाईचे. पण तो मंत्र शिकण्याचा अधिकार बाईला नाही, असे पुढच्या स्मृतींनी ठरवून टाकले. मनुस्मृतीने स्त्रीचा विवाह हाच तिचा वैदिक संस्कार मानला. आधीच्या काळात मात्र चित्र वेगळे असल्याची आठवण शिल्लक आहे. पूर्वीच्या कल्पात मुलींचीही मुंज होत असे, त्यांनाही वेद आणि सावित्री शिकवली जात असे, अशा आशयाचे एक स्मृतिवचन निबंधग्रंथांनी जपून ठेवले आहे. ते वचन ज्याच्या नावावर आहे तो स्मृतिकार म्हणजे यम. सावित्रीच्या गोष्टीतही तिच्यासमोर उभा राहतो तो यमच, म्हणून हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

ऋग्वेदात सावित्री हा शब्द एका स्त्रीच्या नावाबरोबरही येतो. दहाव्या मंडलातले पंच्याऐंशीवे सूक्त म्हणजे प्रसिद्ध विवाहसूक्त. त्यात सवितृची मुलगी सूर्या हिचे सोमाशी लग्न लागते. त्या सूक्ताची द्रष्टी म्हणून परंपरा तिचेच नाव सांगते: सूर्या सावित्री. आजही आपल्याकडच्या लग्नविधीत या सूक्तातले मंत्र म्हटले जातात. लग्नात म्हटल्या जाणाऱ्या मंत्रांची कर्ती एक सावित्री आहे, हे मांडवातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आता महाभारताकडे येऊ. वनपर्वात पांडव अरण्यात आहेत. द्रौपदीसारखी दुसरी कुणी स्त्री पाहिली वा ऐकली आहे का, असे युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, आणि ऋषी सावित्रीचे आख्यान सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती निपुत्रिक. त्याने अठरा वर्षे सावित्री मंत्राने रोज लाख आहुती दिल्या. अखेर अग्नीतून देवी सावित्री प्रकट झाली आणि मुलगी होईल असा वर तिने दिला. राजाला हवा होता पुत्र, मिळाली मुलगी. आणि ती देवीने दिली म्हणून तिचे नाव सावित्री ठेवले. एखादे नाव कसे आणि का ठेवले गेले, हे इतक्या स्पष्टपणे आपल्या फार थोड्या कथांत सांगितलेले असते.

मुलगी मोठी झाली. तिचे तेज असे की कुणी मागणी घालायला धजेना. तेव्हा बापाने तिला सांगितले, तूच जा आणि तुझा वर शोध. ती म्हाताऱ्या मंत्र्यांना बरोबर घेऊन रथातून निघाली, तपोवने हिंडली आणि सत्यवानाला निवडून परत आली. सत्यवान म्हणजे राज्य गेलेल्या, डोळे गेलेल्या द्युमत्सेनाचा मुलगा, वनात राहणारा. नारदांनी सांगितले, मुलगा गुणी आहे, पण आजपासून एका वर्षाने मरणार. बाप म्हणाला, दुसरा शोध. ती म्हणाली, एकदा निवडला तो निवडला. पुढे सासरी गेल्यावर तिने दागिने उतरवून वल्कले नेसली, आणि नारदांचे शब्द वर्षभर एकटीने मनात ठेवले. दिवस जवळ आला तेव्हा तीन रात्रींचे व्रत केले, आणि त्या दिवशी सत्यवानाबरोबर हट्टाने रानात गेली.

लाकडे फोडताना त्याचे डोके दुखू लागले. त्याचे डोके मांडीवर घेऊन ती बसली असताना यम आला आणि प्राण घेऊन दक्षिणेला निघाला. ती मागोमाग चालू लागली. इथून पुढे आख्यानाचे खरे वैभव आहे, कारण सावित्री रडत नाही, पायही धरत नाही, ती बोलते. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, तेव्हा मित्र म्हणून माझे ऐक, अशी तिची सुरुवात. मग सज्जनांची संगत, धर्म, दया, विश्वास यांवर ती असे नेमके बोलत जाते की यम खूश होऊन प्रत्येक वेळी सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग म्हणतो. ती सासऱ्याची दृष्टी मागते, मग सासऱ्याचे राज्य, मग आपल्या बापाला शंभर मुलगे. चौथा वर मागते स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र. यम तथास्तु म्हणून मोकळा होतो. पाचव्या वेळी प्राण वगळण्याची अटही तो विसरतो, आणि ती नवऱ्याचे प्राण मागून घेते. नाहीतर तुझाच आधीचा वर खोटा ठरेल, हेही त्याच्या लक्षात आणून देते. वादात साक्षात मृत्यूला शब्दात पकडणारी ही बाई. तिच्या पातिव्रत्याएवढेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या बुद्धीचे आणि वाणीचे हे आख्यान आहे.

पुढे व्रताच्या पोथ्यांत हीच कथा सोप्या रूपात आली. आज व्रताच्या केंद्रस्थानी वड आहे, आणि वडाभोवतीचे फेरे, सात जन्मांची मागणी हेच लोकांच्या लक्षात राहिले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत हे व्रत ज्येष्ठ पौर्णिमेला, तर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडे अमावास्येला करतात. तमिळनाडूत सूर्य मीन राशीत जातो त्या सुमारास कारडैयान नोन्बू नावाने सावित्रीचीच आठवण जागवली जाते. या साऱ्यातून नाव भारतभर पोचले. त्याच वाटेने त्याचा अर्थही आक्रसत गेला: स्वतः वर शोधणारी, यमाशी वाद घालणारी मुलगी मागे पडली, उपवास करणारी बायको उरली.

सावित्रीचे आणखी एक रूप आहे, रागावलेले. पुराणकथेनुसार ब्रह्मदेवाने पुष्करला यज्ञ मांडला; पत्नी सावित्री वेळेवर पोचली नाही म्हणून त्याने गायत्रीला शेजारी बसवले आणि मुहूर्त साधला. सावित्री आली, तिने शाप दिला आणि डोंगरावर जाऊन बसली. पुष्करच्या रत्नगिरी टेकडीवर तिचे देऊळ आहे. हीच कथा सह्याद्रीत आली तेव्हा तिच्या नद्या झाल्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्राला मिळते.

महाड याच सावित्रीच्या काठी वसले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते इथे, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले तेही इथेच. स्त्रीला आणि शूद्राला सावित्री मंत्र नाकारणारा ग्रंथ सावित्री नदीच्या काठच्या गावात जाळला गेला, ही गोष्ट नावांचा मागोवा घेणाऱ्याला विसरता येत नाही.

माणसांच्या इतिहासात डोकावले तर या नावाच्या बायका भलत्याच खंबीर निघतात. शिवाजी महाराजांचे सैन्य दक्षिण दिग्विजयावरून परतत असताना बेलवडीच्या गढीतून जिने सत्तावीस दिवस झुंज दिली, त्या देसाईणीचे नाव सभासद बखर सावित्री असे देते. कर्नाटकात तिला मल्लम्मा म्हणून ओळखतात. पण नावाला सर्वस्वी नवा अर्थ आला तो एकोणिसाव्या शतकात.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी मुलगी झाली. त्यांनी तिचे नाव सावित्री ठेवले. त्या काळी गावोगाव ठेवले जाणारे, व्रतकथेतून रुळलेले हे नाव. आईबापांनी त्यात सौभाग्याचा आशीर्वाद पाहिला असणार. नवव्या वर्षी तिचे लग्न जोतीराव फुल्यांशी झाले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि तिथे ती शिकवू लागली. १८५४ मध्ये तिचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून आला. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तिथल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढे टिटवे धरायचे कुणी यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाला तो हक्क नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे आल्या आणि टिटवे हातात घेऊन पतीच्या प्रेतापुढे चालल्या. महाभारतातली सावित्री नवऱ्याला नेणाऱ्या यमामागून चालली होती. ही सावित्री नवऱ्याच्या प्रेतापुढे चालली, आणि परतल्यावर सत्यशोधक समाजाचे काम तिने आपल्या खांद्यावर घेतले. १० मार्च १८९७ रोजी, पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने तिचा मृत्यू झाला. मला वाटते, सवितृ या शब्दातली चालना देण्याची ताकद हजारो वर्षांनी या नावात परत आली ती तिच्यामुळे. व्रतकथेने दिलेले नाव तिने ज्ञानाच्या बाजूला नेऊन ठेवले. 'सावित्रीच्या लेकी' म्हटले की आज शिकलेल्या मुली डोळ्यांपुढे येतात, उपवास करणाऱ्या नव्हेत. १९९८ मध्ये तिचे टपाल तिकीट निघाले, २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला तिचे नाव दिले गेले.

जन्माने दुसरेच नाव असलेली एक सावित्रीही आपल्या इतिहासात आहे. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी जन्मलेली ईव्ह इव्होन ही मुलगी, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी तिने लग्न केले आणि ती सावित्रीबाई खानोलकर झाली. मराठी, संस्कृत शिकली, महाराष्ट्राच्या संतांवर तिने पुस्तक लिहिले. स्वतंत्र भारताचे सर्वोच्च शौर्यपदक, परमवीर चक्र, तिच्या कल्पनेतून साकारले: मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. वज्र दधीचीच्या अस्थींचे, म्हणजे सर्वस्व देण्याची खूण. पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा तिच्या थोरल्या लेकीचे दीर.

कलेतही हे नाव खूप फिरले. दादासाहेब फाळके यांनी १९१४ मध्येच 'सत्यवान सावित्री' काढला. पु. शि. रेगे यांची पत्ररूप कादंबरी 'सावित्री' १९६२ ची. तिच्यातली सावित्री पत्रांतून स्वतःला घडवत जाते, आणि मराठीतल्या मनस्वी नायिकांत तिची जागा वेगळीच आहे. श्री अरविंदांनी इंग्रजीतले आपले महाकाव्य याच नावाने लिहिले. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट याने महाभारतातल्या आख्यानावर छोटासा ऑपेरा रचला, तर थायलंडचा राजा वजिरावुध याने संगीत नाटक लिहिले.

मग बारशात हे नाव का नको? अमेरिकेत सरकार दर वर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करते, तशी आपल्याकडे नसते. पण एखाद्या गावची मतदार यादी चाळली तरी पिढ्यांचा फरक दिसतो. आज्यांच्या पिढीत सावित्री, सावित्रा, सावित्रीबाई जागोजागी. पुढच्या पिढीत तीच नावे 'सविता' झाली. संस्कृतात सविता हे पुल्लिंगी, पिता-दाता यांसारखे. पण आकारान्त म्हणून मराठी कानाला ते मुलीचे वाटले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर गेले. त्यानंतरच्या पिढीत सविताही मागे पडली.

काहीजण म्हणतात, नाव जुनाट आणि जड वाटते. हे कारण मला पटत नाही. गायत्री हे नाव त्याच मंत्राचे, तितकेच जुने, शेवटी तेच जोडाक्षर. तरी गायत्री आजही आवडीने ठेवतात. रमा, सई, जान्हवी, अहिल्या ही आजी-पणजीची नावेही शहरांतून परत आली आहेत. तेव्हा अडचण उच्चाराची नसावी, गोष्टीची असावी. गायत्री म्हटले की लोकांना मंत्रच आठवतो. सावित्रीच्या पाठीशी नवऱ्यासाठी मृत्यूमागे जाण्याची गोष्ट आहे, आणि आजच्या आईबापांना लेकीच्या नावातच नवऱ्याचे आयुष्य मागायचे नसते. हे त्यांचे बरोबरच आहे. दुसऱ्या बाजूने, फुल्यांच्या सावित्रीबद्दल आदर एवढा मोठा झाला की ते नाव संस्थांना, योजनांना, पुरस्कारांना देताना हात लगेच पुढे होतो, पण दुपट्यातल्या बाळाला देताना संकोच वाटतो. दोन्ही कारणे समजतात. तरी मूळ आख्यान वाचले तर पहिली शंका गळून पडते, आणि सावित्रीबाईंनी ज्या लहान मुलींना पाटी दिली त्यांच्याकडे पाहिले तर दुसरीही.

ज्यांना हे नाव ठेवावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. जन्मनक्षत्राचे अक्षर पाहणाऱ्यांच्या अवकहडा चक्रात 'सा' हे शततारकेच्या दुसऱ्या चरणाचे अक्षर, रास कुंभ. घरात हाक मारायला साऊ किंवा सावी सहज होते. खेड्यात 'सावित्रा' हे रूपही गोड लागते. इंग्रजी कागदपत्रांवर दक्षिणेतले लोक 'त्री' साठी 'टीएच' लिहितात, बंगाली, ओडिया आणि नेपाळी लोक 'व' च्या जागी 'बी' लिहून साबित्री करतात, आणि जावामध्ये हेच नाव 'डब्ल्यू' घेऊन येते, तिथल्या बायकांचे आजही सावित्री हे नाव असते. जन्मदाखल्यावर एकदा स्पेलिंग ठरवले की आधार, शाळा आणि पासपोर्टवर तेच ठेवावे.